मिक्सर न्यावा का? बेळगावातून परदेशी निघताना घरातल्या विजेच्या वस्तूंची पारख

मिक्सर उलटा करा आणि बुडाची पट्टी वाचा. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ७५० वॅट असं काहीतरी छापलेलं दिसेल. आता मोबाइलचा चार्जर हातात घ्या. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून निघणाऱ्या बॅगेत काय भरायचं याचा निम्मा निकाल या दोन पट्ट्यांतच लागतो. चार्जर जगात कुठंही चालतो. मिक्सर मात्र जिथली वीज हेस्कॉमच्या (आपल्याकडच्या वीज कंपनीच्या) विजेसारखी, तिथंच चालतो. बाकीचा निकाल वस्तूचं वजन, तिचे सुटे भाग आणि तिकडं ती किती सहज मिळते यावर. या कसोट्या लावल्या की बॅगेतल्या जागेसाठी भांडावं अशी वस्तू एकच उरते, ती मिक्सर. म्हणून इथं जास्त लिहिणंही त्याच्यावरच आहे.

आधी देश. दुबई, मस्कत, दोहा, ब्रिटन, जर्मनी, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया इथं व्होल्टेज २३० च्या आसपास आणि ५० हर्ट्झ. म्हणजे वीज आपलीच, फक्त सॉकेटची भोकं वेगळी. आखातात सौदी तेवढा वेगळा, व्होल्टेज २३० पण ६० हर्ट्झ. तिकडं पूर्वी १२७ आणि २२० अशी दोन्ही व्होल्टेज वापरात होती, त्यामुळं जुन्या इमारतीत राहायला गेलात तर सॉकेट तपासून मगच काही लावा. अमेरिका आणि कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानात तर १०० व्होल्ट, आणि एकाच देशात पूर्वेला ५० तर पश्चिमेला ६० हर्ट्झ.

२३० व्होल्टच्या देशात मिक्सर न्याच

तिकडं ब्लेंडर मिळतो, मग हा कशाला, असं पुष्कळ जण म्हणतात. ब्लेंडर दूध-फळं फिरवायला बनवलेला असतो. भांडं उंच, पातं लहान, आणि खाली पातळ काहीतरी असल्याशिवाय वरचा माल पात्याकडं येत नाही. त्यात भाजलेलं खोबरं आणि संकेश्वरी मिरची कोरडी घातली की माल काचेला चिकटून बसतो आणि पातं खाली नुसतं हवेत फिरतं. शेंगाची चटणी करायला गेलात तर वर अख्खे शेंगदाणे आणि खाली तेल सुटलेला गोळा. आपल्या मिक्सरचं चटणीचं भांडं बुटकं, पातं बुडालगत आणि अंग स्टीलचं. मूठभर जिरंही त्यात निघतं. फरक इथंच आहे, वॅटमध्ये नाही.

घ्यायचा तर तांब्याच्या वाइंडिंगचा (मोटरमध्ये गुंडाळलेली तार तांब्याची असलेला), ७५० वॅटचा, तीन भांड्यांचा घ्या. दोघांच्या घराला ५०० वॅटचाही पुरतो, पण इडली-आंबोळीचं पीठ आठवड्याला वाटायचं असेल तर तो तापतो. १००० वॅटच्या नादी लागू नका. वजन वाढतं आणि घरगुती वाटपात त्याचा फारसा उपयोग होत नाही. पट्टीवर ३० मिनिटं असं रेटिंग असेल तर त्याचा अर्थ सलग अर्धा तास नव्हे. सहसा पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, असं करत अर्धा तास, आणि मग पूर्ण थंड होऊ द्यायचा. बुडाला लाल बटण असेल तर ते ओव्हरलोडचं. मिक्सर मध्येच गप्प झाला तर तो गेला म्हणून टाकू नका. स्विच शून्यावर आणा, टॉप (म्हणजे पिनांचा प्लग) काढा, दहा मिनिटं थांबा, भांड्यातला माल कमी करा आणि ते बटण दाबा. हे माहीत नसल्यानं धडधाकट मिक्सर कचऱ्यात जातात.

पिनांचं काय? विमानतळावर मिळणारा सगळ्या देशांचा एकच ॲडॉप्टर मिक्सरला रोज लावू नका. त्यात आपल्या पिना सैल बसतात, सैल जागा तापते, आणि बऱ्याच ॲडॉप्टरना अर्थिंगची जोडणीच नसते. तो चार्जरपुरता ठीक. मिक्सरचा टॉपच बदलावा. ब्रिटन, दुबई, मस्कत, सिंगापूरला तीन चौकोनी पिनांचा टॉप लागतो आणि त्याच्या पोटात फ्यूज असतो. ७५० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर सव्वातीन अँपियर घेतो आणि सुरू होताना त्याहून कितीतरी जास्त, म्हणून ३ अँपियरचा फ्यूज अपुरा पडतो, उडू शकतो. ५ चा घाला. टॉप विकत घेतल्यावर बहुधा आत १३ चा असतो, तो आपल्या मिक्सरच्या बारीक वायरीला मोठा होतो. वायर जोडताना नव्या दोरीत तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. जुन्या दोरीत लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. अमेरिकेत काळा म्हणजे फेज आणि पांढरा न्यूट्रल, बरोबर उलटं. आपल्याकडच्या सवयीनं तिकडं बोर्ड उघडायचा नाही.

जर्मनीत सॉकेट गोल, खोल, आणि अर्थ त्याच्या बाजूच्या दोन पत्र्यांतून येतो. आपला तीन पिनांचा टॉप त्यात जात नाही. अर्थची पिन बाहेर ठेवून दोनच पिना आत कोंबणारी ॲडॉप्टरं मिळतात. ती मिक्सरला वाईट आणि इस्त्रीला जीवघेणी.

एक युक्ती खरोखर उपयोगाची आहे. चार-पाच सॉकेटचा एक चांगला एक्स्टेन्शन बोर्ड इथूनच न्या, तीन तारांच्या जाड वायरीचा, आणि त्याचा एकच टॉप तिकडं बदलून घ्या. घरातल्या सगळ्या भारतीय पिना त्यात बसतात, प्रत्येकाला ॲडॉप्टर नको. फक्त त्यावर मिक्सर आणि इस्त्री एकदम लावू नका. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात जाणार असाल तर आधी नियम वाचा. खोलीत राइस कुकर, इंडक्शन, इस्त्री चालत नाही असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं आणि खोल्या तपासल्याही जातात.

अमेरिका, कॅनडा: इथं चुका महाग पडतात

२३० व्होल्टचा मिक्सर १२० वर लावला तर तो लगेच जळत नाही, आणि फसगत तिथंच होते. तो फिरतो, पण मरगळल्यासारखा. व्होल्टेज निम्मं झालं की ताकद चौथाईवर येते. भिजवलेली उडीद डाळ घातली की पातं अडतं, मोटर थांबते, मोटरखालचा पंखाही थांबतो, आणि थंड व्हायची सोय संपल्यावर वाइंडिंग तापत राहतं. तारेवरचं इनॅमल (वार्निशसारखा थर) जळाल्याचा वास आला म्हणजे उशीर झालेला असतो.

दुसरा मार्ग ट्रान्सफॉर्मरचा, १२० चे २३० करणारा. चालतो, पण हिशेब नीट लावा. मिक्सर ७५० वॅटचा म्हणून ७५० चा ट्रान्सफॉर्मर घेतला तर सुरू होतानाच्या झटक्याला तो कमी पडतो. दुप्पट तरी लागतो, म्हणजे १५०० वॅटचा. असा खऱ्या लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड असतो, चालू ठेवला तर गुणगुणतो आणि काही न करताही वीज खातो. वापर झाला की त्याचा टॉप काढायलाच हवा. हलका, तळहाताएवढा आणि वर २००० वॅट लिहिलेला ‘कन्व्हर्टर’ दिसला तर तो सोडा. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, विजेची लाट कापून व्होल्टेज कमी करणारं सर्किट असतं. ते इस्त्री किंवा केस वाळवायच्या यंत्रासारख्या नुसत्या तापणाऱ्या वस्तूंसाठी, तेही बहुतेक वेळा २३० चे १२० करायला. मोटरला आणि टीव्हीसारख्या वस्तूंना ते घातक.

आणखी एक गैरसमज आपल्याकडं फार आहे. घरी टीव्ही-फ्रिजला स्टॅबिलायझर आहे, तोच नेऊ का? स्टॅबिलायझर कमी-जास्त होणारं व्होल्टेज २३० च्या आसपास आणतो. त्याला १२० दिलं तर बहुतेक तो ‘लो’चा दिवा लावून बंद होतो. खानापूरकडच्या खेड्यात लाइट कमी आली की होतं तेच. वाइंडिंगच्या दुकानातून खास ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायची कल्पनाही डोक्यात येते. माल चांगला निघेल, पण त्याला तिकडचा टॉप नसतो, आत फ्यूज बसवतीलच असं नाही, आणि भाड्याच्या लाकडी घरात काही पेटलं तर विम्यावाला पहिला प्रश्न वस्तूवर तिकडचा सुरक्षेचा शिक्का आहे का हाच विचारणार. घ्यायचाच तर तिकडं जाऊन घ्या.

तिसरा मार्ग सगळ्यात शहाणा: ११० व्होल्टसाठीच बनवलेला भारतीय मिक्सर. प्रीतीसारख्या कंपन्या अमेरिका-कॅनडासाठी असा मिक्सर बनवतात, साधारण ५५० वॅटचा, तिकडच्या पिनांचा. वॅट कमी दिसला तरी वाटण तेच, कारण भांडी आणि पाती तीच. तो तिकडंही विकत मिळतो. इथून घेणं स्वस्त पडतं, पण खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत मांडून ठेवलेला मिळेलच असं धरू नका. जायच्या महिनाभर आधी विचारून मागवून ठेवा.

घेताना एक प्रसंग हमखास येतो. खोकं उघडलं की दुकानदार आपलेपणानं म्हणतो, “थांबा वैनी, एकदा लावून दाखवतो की.” तिथंच हात धरा. ११० चा मिक्सर २३० वर लावला तर पहिल्या सेकंदाला विमानासारखा आवाज, दुसऱ्याला मोटरच्या कार्बन ब्रशपाशी निळ्या ठिणग्या, आणि मग धूर. वॉरंटीही तिथंच संपली. दुकानात स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर असेल तर त्यावरच चालवून घ्या. नसेल तर मीटर लावून वाइंडिंग अखंड आहे का बघायला सांगा, नॉब तिन्ही वेगांवर अडखळत नाही ना बघा, कपलर, म्हणजे भांडं ज्यावर बसतं ते मोटरवरचं दातेरी चाक, हातानं फिरवून बघा (मऊ फिरला पाहिजे, घासल्याचा आवाज नको), आणि बुडाच्या पट्टीवर ११० किंवा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ छापलंय ते डोळ्यांनी वाचा. खोक्यावरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका, खोकी बदलतात.

सोबत न्यायचे भाग आणि बांधायची रीत

मिक्सर परदेशात बंद पडतो तो मोटरनं नव्हे, चार आण्याच्या भागानं. त्याच मॉडेलचे मोटरवरचे दोन कपलर, भांड्याखालचा एखादा कपलर, कार्बन ब्रशची एक जोडी आणि प्रत्येक झाकणाची एकेक जादा रिंग. सगळं मिळून डबीभर. पण तिकडं हे सुटं मिळणं कठीण, आणि मिळालं तर टपालखर्चच जास्त.

कपलर मुद्दाम मऊ बनवलेला असतो. हळकुंड अडकलं तर मोटर जळण्यापेक्षा त्याचे दात जावेत म्हणून. मोटर फिरते आणि पातं फिरत नाही, म्हणजे कपलर गेला. बदलताना सुरुवात नेहमी इथं चुकते, कारण लोक साध्या स्क्रूसारखा डावीकडं फिरवतात आणि तो आणखी आवळतो किंवा तुटतो. सूत्र सोपं आहे: मोटर ज्या दिशेनं फिरते त्याच दिशेनं कपलर फिरवला की सुटतो, कारण चालताना तो आपोआप आवळत जावा अशीच आटी असते. फक्त मोटरचा दांडा खालून धरावा लागतो. काही मॉडेलना बुडाच्या मध्यावर स्क्रू-ड्रायव्हर घालायला खाच असते, काहींचं बूड उघडून खालचा पंखा धरावा लागतो. टॉप आधी काढून ठेवायचा हे वेगळं सांगायला नको.

ब्रश संपत आले की खालच्या जाळीतून ठिणग्या वाढतात आणि मिक्सर एकदा चालू, एकदा बंद असं करतो. भांड्याच्या बुडातून काळं तेलकट पाणी येत असेल तर बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) गेला. हे भांडं डिशवॉशरमध्ये घातल्यानं फार लवकर होतं. गरम पाणी आणि साबण बुशातलं ग्रीस धुऊन नेतात. अमेरिकेतल्या घरात डिशवॉशर असतोच, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेलं बरं: भांडी हातानंच धुवायची.

बांधताना भांडी मोटरवर बसवून ठेवू नका, धक्क्यानं कपलर आणि नॉब जातात. नॉब ओढून निघत असेल तर काढून वेगळा गुंडाळा. मोटर टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या वरच्या थरात, पण मधोमध, चारी बाजूंनी कपडे. भांडी पात्यांसकट चेक-इनच्या बॅगेतच, हातातल्या बॅगेत पाती अडवतात. मिक्सर बॅगेच्या वरच्या थरात ठेवला तर तपासणीला बॅग उघडली तरी खालचं सामान विस्कटत नाही.

बाकीच्या वस्तू, भराभर

टेबलावरचा वेट ग्राइंडर दगडासकट दहा किलोच्या पुढं जातो. त्याची मोटर मिक्सरसारखी ब्रशची नसते, इंडक्शनची असते आणि तिचा वेग हर्ट्झवर ठरतो. ५० ऐवजी ६० मिळाले की वेग पाचव्या हिश्शानं वाढतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. म्हणून अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर लावूनही इथला ग्राइंडर घाईतच फिरणार. दुबईला न्यायला हरकत नाही, अमेरिकेला ११० चाच घ्यावा.

इस्त्री, पाण्यात सोडायचा रॉड, किटली, टोस्टर यातलं काहीच नेऊ नका. १००० वॅटची आपली इस्त्री १२० व्होल्टवर जेमतेम २७० वॅटची होते आणि सुती शर्टाची सुरकुतीही जात नाही. तिकडच्या साध्या १५ अँपियरच्या सर्किटवर एकूण १८०० वॅटच बसतात, म्हणून २००० वॅटचं काही ट्रान्सफॉर्मरनंही चालवता येत नाही, ब्रेकर पडतो. फ्रिज, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह यांचा विचारच सोडा. अमेरिकेत भाड्याच्या घरात फ्रिज आणि शेगडी सहसा असतेच. जर्मनीत उलट, घर मिळतं आणि आत स्वयंपाकघरच नसतं, कधी दिव्याचे होल्डरही काढून नेलेले असतात. तरी फ्रिज इथून नेणं परवडत नाही.

कुकर विजेवरचा नसला तरी इथं सांगायला हवा. न्या, पण सपाट आणि इंडक्शनच्या बुडाचा. बूड जरा वाकलेला ॲल्युमिनियमचा जुना कुकर काचेच्या शेगडीवर मध्येच टेकतो आणि शिट्टी व्हायला युग लागतं. दोन रिंगा, एक सेफ्टी व्हॉल्व्ह आणि एक शिट्टी जादा. भाकरी मात्र काचेच्या शेगडीवर जाळावर फुगते तशी फुगत नाही, तव्यावरच कापडानं दाबून फुगवावी लागते. त्याला कुठलंही यंत्र उत्तर नाही.

टीव्ही नको. वीज चालेल, बहुतेक टीव्ही १००-२४० चेच असतात, पण पॅनेल प्रवासात फुटतो, अमेरिकेत ॲन्टेनाचं प्रसारण वेगळ्या पद्धतीचं, आणि इथला डिशचा बॉक्स तिकडं मुका.

दिवाळीच्या माळा आणि आकाशकंदील बऱ्याच जणी नेतात. एलईडीची २३० व्होल्टची माळ १२० वर मंद किंवा बंद. कंदिलाचा घडीचा सांगाडा न्या, माळ आणि होल्डर तिकडचे घ्या. आपला बल्ब खटक्याचा, अमेरिकेतला आट्याचा.

मुलांकडं सहा महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांच्या वस्तू वेगळ्याच असतात. सेलवरचं बीपीचं यंत्र बिनधास्त न्या. नेब्युलायझर अमेरिकेला नेऊ नका, त्यात २३० ची मोटर असते. शुगर मोजायचं यंत्र न्या आणि पट्ट्या पूर्ण मुक्कामाच्या न्या, कारण त्याच मॉडेलच्या तिकडं मिळतीलच असं नाही. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात शुगर वेगळ्या एककात सांगतात. तिकडचा आकडा १८ नं गुणला की आपला येतो. डॉक्टरनं ७ म्हटलं तर घाबरू नका, ते १२६.

पॉवर बँक हातातल्याच बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही. मर्यादा १०० वॅट-तास. २०,००० एमएएचची ७४ वॅट-तासांची होते, म्हणजे चालते. छापलेला आकडा पुसलेला असेल तर काढून घेतात.

सांबऱ्याहून निघताना वजनाचा घोळ

अमेरिकेच्या तिकिटावर सहसा २३ किलोच्या दोन बॅगा असतात. पण सांबरा (बेळगावचा विमानतळ) ते मुंबई किंवा बेंगळुरू हे तिकीट वेगळं काढलं असेल तर त्या विमानात साध्या तिकिटाला १५ किलोच. मिक्सर, कुकर, चटणी-मसाले यांचं जादा वजन मग तिथंच पैशांत मोजावं लागतं. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्या, किंवा मोठ्या बॅगा घेऊन रात्रीच्या बसनं मुंबई गाठा.

जहाजानं सामान पाठवायचं असेल तर वापरलेल्या वस्तूच पाठवा. ब्रिटनमध्ये कायम राहायला जाताना, स्वतःकडं सहा महिने असलेल्या आणि वापरलेल्या वस्तूंवर कराची सवलत मिळते, पण अर्ज सामान पोचण्याआधी करावा लागतो.

आणि ११० चा मिक्सर काही वर्षांनी परत घरी आणलात, तर तो माळ्यावर ठेवायच्या आधी त्याचा टॉप कापून टाका. दिवाळीच्या गडबडीत कुणीतरी ॲडॉप्टर शोधून तो बोर्डात घालणारच. भांडी तेवढी काढून घ्या, त्याच मॉडेलच्या २३० च्या मोटरवर ती बसतात.